नोंदणीकृत पत्ता

बिराजदार सरांच्या टेबलावर काच,
काचेखाली दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, त्यावर सिद्धेश्वराचं तळं.
"पत्ता कुठला टाकू?" सर विचारतात.
आम्ही दोघं तळ्याकडं बघतो.

पुणे लिही बे, महिबूब म्हणतो.
तो मलाही बे म्हणतो, चौथीपासून.
पुण्याचा पत्ता असला की लोक फोन उचलतात.
बाणेरात टेबल मिळतं महिन्याच्या भाड्यानं,
टेबलाला खुर्ची नाही, खुर्चीवर माणूस नाही,
नुसता पत्ता.
आणि व्हिडिओ कॉलवरचे ते गृहस्थ,
पैसे घालू म्हणणारे, म्हणाले होते डेलावेअर.
मी नकाशात शोधलं. बोटाखाली झाकलं गेलं.
तिथं म्हणे एकेका इमारतीत हजारो कंपन्या राहतात.
संध्याकाळी दिवा कोण लावत असेल.

आमचं यंत्र काडेपेटीएवढं.
मागाला चिकटवायचं; ताण्याचा धागा तुटला
की मालकाच्या मोबाइलवर टिंग.
धोटा टेक्नॉलॉजीज.
नव्या मागांना धोटाच नसतो, नायना म्हणाले,
पण तोवर नाव मंजूर झालेलं.

पुढचा रकाना: अधिकृत भांडवल.
मी म्हटलं, दहा हजार शेअर पुरे की, माणसं दोन.
सरांनी चष्मा काढून पुसला.

रात्रपाळीला निघताना नायना दारात थांबले.
"चाळीस चादरी विणायच्या म्हणून
चाळिसांपुरताच ताणा भरतं का गं कुणी?
बीम भरतानाच भरून घ्यायचं.
मधे संपला तर नव्या बीमचा एकेक धागा
जुन्याला गाठायचा. दोन हजार धागे, दोन हजार गाठी,
माग बंद, मजुरी बंद."
सर दुपारी हेच म्हणाले होते:
मग सभा, मग ठराव, फॉर्म, फी.

तर पंधरा लाख. एका रुपयाचा एक.
तेवढ्यापर्यंत नोंदणीची फी माफ, स्टॅम्प ड्युटी तेवढी भरायची.
पण सध्या विणायचे एकच लाख.
निम्मे त्याचे, निम्मे माझे,
इथं दीड तास भांडण झालं,
मग पंचेचाळीस, पंचेचाळीस,
आणि दहा हजार रेणुका म्हेत्रेचे,
जिनं रात्री जागून सोल्डरिंग केलं
आणि माझं काय, असं एकदाही विचारलं नाही.
बाकी चौदा लाख बीमवर गुंडाळलेले.
ज्यांना द्यायचे ती माणसं अजून भेटायची आहेत.
एखादं आत्ता सातवीत असेल,
अपूर्णांकांवर रडायला लागलं असेल.

अम्मा ऐकत होती, मांडीवर सूप,
कात्रीनं पानं कापत.
"पंधरा लाख? पाच वर्षं लागतील," म्हणाली,
"रोजच्या हजार धरून, सणवार सोडून."
मग कात्री न थांबवता,
"आणि पुण्याच्या त्या टेबलावर नोटीस आली
तर घ्यायला कोण असेल?"

महिबूबनं पाणी मागितलं.

विडी घरकुलातलं घर अम्माच्या नावावर आहे.
लाइट बिलही तिच्याच नावावर, मागच्या महिन्याचं.
मालकिणीचं ना हरकत पत्र लागतं.
माझी काही हरकत नाही, हे ती लग्नापासून म्हणत आली,
लिहून कुणी मागितलं नव्हतं.
तिनं तेलुगूत सही केली, फार सावकाश,
आणि कागद उजेडात धरून पुन्हा पाहिला.

महिबूब दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी पेंटरला गाडीवर बसवून आला,
कायद्यानं दारावर पाटी लागते म्हणून.
पेंटर अक्षरावर पैसे घेतो.
प्रायव्हेट लिमिटेडनं बुडवलंच आम्हाला,
एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत.
अम्मा उंबऱ्यात येऊन म्हणाली,
मला वाचता येईल असं काय आहे यात?

तेलुगूचे जादा पडतील, पेंटर म्हणाला,
गोलाई फार असते.
लिही बे, महिबूब म्हणाला,
पैसे कंपनी देईल.

कंपनीचं खातं अजून उघडायचं होतं.